एका भाकरीचे विशेषण

प्रश्नपत्रिकेत अर्थ ठाऊक नसलेला शब्द आला की आपण काय करतो? मागचेपुढचे वाक्य पुन्हा वाचतो, शब्दाची फोड करून पाहतो, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा एखादा शब्द आठवतो, आणि काहीच सुचले नाही तर शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे हळूच नजर टाकतो. जगातील मोठमोठ्या पंडितांनी एका शब्दाच्या बाबतीत गेली अठराशे वर्षे नेमके हेच केले आहे, आणि तरीही त्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. हा शब्द एखाद्या विस्मृत राजाच्या शिलालेखात दडलेला असता तर त्यात नवल नव्हते. परंतु तो आहे कोट्यवधी माणसे रोज तोंडपाठ म्हणतात त्या प्रार्थनेत. 'एपिऊसिओस' हा तो ग्रीक शब्द.

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना शिकविलेली प्रार्थना बायबलच्या नव्या करारात दोन ठिकाणी येते. एक, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि दुसरी, लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात. प्रार्थना अगदी लहान आहे. आरंभी देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांविषयीच्या विनवण्या येतात. त्यानंतर माणूस स्वतःसाठी मागू लागतो. आणि तो पहिल्याने मागतो ती भाकर. क्षमा आणि मोहापासून सुटका या गोष्टी त्यानंतरच्या. या भाकरीला ग्रीक मजकुरात एक विशेषण लावलेले आहे. 'भाकर' या अर्थाच्या 'आर्तोस' या शब्दाबद्दल काही वाद नाही. तो साधा, घरोघरचा शब्द आहे. वाद आहे तो विशेषणाबद्दल. मराठी ख्रिस्ती माणूस 'रोजची भाकर' म्हणतो, इंग्रजी बोलणाराही त्याच अर्थाचा शब्द वापरतो. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'रोजची' असाच आहे काय, हे छातीठोकपणे सांगणे कठीण आहे.

एकदाच उच्चारलेला शब्द

शब्दाचा अर्थ कोशात जन्माला येत नाही, वापरात येतो. दहा माणसांनी दहा प्रसंगी एक शब्द वापरला की त्याचा आवाका आपल्याला कळतो, आणि कोशकार तो नोंदवून ठेवतो. परंतु काही शब्द उपलब्ध वाङ्मयात एकदाच आढळतात. अशा शब्दांना भाषाशास्त्रात 'हापाक्स लेगोमेनोन' असे ग्रीक नावच रूढ आहे. त्याचा अर्थ 'एकदाच म्हटलेले'.

'एपिऊसिओस' तसा तीन ठिकाणी सापडतो. मत्तय आणि लूक ही दोन ठिकाणे झालीच. तिसरे ठिकाण 'दिदाखे' म्हणजे 'शिकवण' या नावाच्या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेतील. तिचे हस्तलिखित फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्मगुरूला १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये मिळाले आणि १८८३ मध्ये ते छापले गेले. पण तेथेही हीच प्रार्थना दिलेली आहे. म्हणजे ठिकाणे तीन असली तरी साक्षीदार एकच. एकाच माणसाचा जबाब तीन वह्यांत उतरवून घेतला म्हणून काही तीन जबाब होत नाहीत.

मग दुसरा कोणी साक्षीदार पूर्वी तरी होता काय? या प्रश्नाचे उत्तर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातच मिळाले आहे. अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन हा त्या काळचा अत्यंत विद्वान धर्मपंडित. इ. स. २३३च्या सुमारास त्याने प्रार्थनेविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, हा शब्द ग्रीक विद्वानांच्या लेखनात कोठे आढळत नाही आणि सामान्य माणसांच्या बोलण्यातही तो रूढ नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडविला असावा असे दिसते. ही साक्ष महत्त्वाची आहे. ऑरिजेन ग्रीक भाषेतच वाढला, ग्रीक वाङ्मय त्याने पचविलेले होते, आणि नवा करार लिहिला गेल्याला तेव्हा दीडशे वर्षांच्या आसपासच काळ लोटला होता. त्यालाही जो शब्द परका वाटला तो आपल्याला परका वाटावा यात लाजण्यासारखे काही नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. येशूची बोलीभाषा अरमाईक होती. तेव्हा ही प्रार्थना प्रथम त्या भाषेत उच्चारली गेली असणार. ते मूळ शब्द आज उपलब्ध नाहीत. परंतु मत्तय आणि लूक या दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करून हाच अपरिचित शब्द योजला असेल हे संभवत नाही. त्यांच्यापूर्वीच कोणीतरी ही प्रार्थना ग्रीकमध्ये आणली, त्या अनाम भाषांतरकाराने हा शब्द वापरला आणि दोघांनीही तो जसाच्या तसा ठेवला, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

'रोजचा' या अर्थाचे शब्द ग्रीकमध्ये नव्हते म्हणून नवा शब्द करावा लागला, असेही म्हणता येत नाही. नव्या करारातच याकोबाच्या पत्रात त्या-त्या दिवसाच्या अन्नासाठी 'एफेमेरोस' हा शब्द आला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत विधवांना रोज होणाऱ्या वाटपासाठी 'काथेमेरिनोस' हा शब्द आहे. दोन चालू नाणी खिशात असताना एखाद्याने तिसरे नाणे स्वतः का पाडावे? त्याला या दोहोंहून काही निराळे म्हणायचे असणार, ही शंका येथूनच सुरू होते.

संधी सोडविण्याचा प्रयत्न

वापर मिळत नाही, तेव्हा अभ्यासक व्युत्पत्तीकडे वळतो. शब्दाच्या आरंभी 'एपि' हा उपसर्ग आहे, याबद्दल सर्वांचे एकमत आहे. 'वर', 'साठी', 'पुढे', 'जवळ' अशा अनेक अर्थच्छटा त्याला आहेत. खरा प्रश्न पुढच्या भागाचा. त्याची फोड मुख्यतः तीन प्रकारांनी करतात.

पहिली फोड 'एपि' अधिक 'ऊसिआ'. 'ऊसिआ' म्हणजे असणे, अस्तित्व, द्रव्य. तत्त्वज्ञानात 'सत्तत्त्व' असाही त्याचा अर्थ होतो. म्हणजे 'अस्तित्वासाठी लागणारी भाकर' किंवा 'सर्व द्रव्यांच्या पलीकडची भाकर'. ऑरिजेनचा कल याच बाजूला होता. 'पेरिऊसिओस' म्हणजे 'खास स्वतःचा म्हणून राखलेला' हा शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात आहे. त्याच घडणीचा हाही शब्द, असे तो म्हणतो.

या मताला दोन अडचणी आहेत. पहिली व्याकरणाची. संस्कृतात 'अति' आणि 'अन्त' जवळ आले की 'अत्यन्त' होते, तसा ग्रीकमध्येही स्वरांचा संधी होतो. 'एपि'पुढे स्वर आला की शेवटची 'इ' सामान्यतः लोप पावते. 'एपि' आणि 'ऊरानोस' म्हणजे आकाश, यांपासून 'स्वर्गीय' या अर्थाचा शब्द होतो तो 'एपूरानिओस', 'एपिऊरानिओस' नव्हे. त्याच न्यायाने येथे 'एपूसिओस' व्हायला हवे होते. 'पेरि' या उपसर्गाची 'इ' टिकते, म्हणून ऑरिजेनचे उदाहरण येथे लागू पडत नाही. अर्थात नियमाला अपवाद असतात. खोटी शपथ घेण्याविषयीचे 'एपिओर्केओ' हे क्रियापद मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात आहे आणि त्यातील 'इ' शाबूत आहे. तेव्हा ही अडचण मोठी असली तरी निर्णायक नाही.

दुसरी अडचण अर्थाची. नव्या करारात 'ऊसिआ' हा शब्द एकाच गोष्टीत येतो, लूकच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात. आणि तेथे त्याचा अर्थ 'सत्तत्त्व' नसून बापाची मालमत्ता असा रोकडा आहे. गालीलमधील कोळी आणि शेतकरी यांना शिकविलेल्या प्रार्थनेत तत्त्वज्ञांच्या पाठशाळेतला शब्द यावा, हे मनाला पटत नाही.

दुसरी फोड 'असणे' या अर्थाच्या 'एइनाइ' या क्रियापदापासून. 'जो दिवस आहे त्यासाठी', म्हणजे 'आजच्या दिवसापुरती' भाकर. अर्थ सुरेख जुळतो. पण 'इ'ची अडचण येथेही आहेच. शिवाय मत्तयाच्या वाक्यात 'आज' हा शब्द स्वतंत्रपणे आलेला आहे, आणि लूकच्या वाक्यात 'दररोज'. त्यात आणखी 'आजची' किंवा 'रोजची' असे विशेषण घातले की द्विरुक्ती होते.

तिसरी फोड 'एपिएनाइ' म्हणजे 'पुढे येणे' या क्रियापदापासून. 'हे एपिऊसा' म्हणजे 'येणारा दिवस' हा प्रयोग ग्रीकमध्ये रूढ होता. लूकच्या नावावर असलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो दुसऱ्या दिवसासाठी अनेकदा आला आहे. त्याला 'इओस' हा प्रत्यय लागला की 'एपिऊसिओस' सरळ तयार होतो. येथे 'इ'चा तंटाच उरत नाही, कारण ती 'इ' क्रियापदातच आधीपासून स्थिर झालेली आहे. इंग्रज धर्मपंडित लाइटफुट याने १८७१ साली या मताची जोरदार बाजू मांडली, आणि व्याकरणाच्या दृष्टीने आजही हेच मत सर्वांत बळकट समजले जाते. मग अर्थ होतो 'येणाऱ्या दिवसाची भाकर'.

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना येथे यास्काची आठवण होईल. निरुक्तात तो एकाच शब्दाच्या दोन-दोन, तीन-तीन व्युत्पत्ती देतो. एखादे अक्षर जुळले तरी निर्वचन करावे, पण शब्द तसाच सोडू नये, असे त्याचे म्हणणे आहे. त्या जिद्दीला वंदन करूनही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पारंपरिक व्युत्पत्तीप्रमाणे 'प्रवीण' म्हणजे उत्तम वीणा वाजविणारा. पण स्वयंपाकात प्रवीण असलेल्या बाईच्या घरी वीणा असेलच असे नाही. शब्द कोठून निघाला हे व्युत्पत्ती सांगते. तो कोठे पोहोचला हे वापरच सांगू शकतो. आणि आपल्या शब्दाच्या बाबतीत नेमका वापरच हरवलेला आहे.

भाषांतरकारांची वाट

पंडिताला 'अर्थ संदिग्ध आहे' असे लिहून पुढे जाता येते. भाषांतरकाराला ती सोय नसते. प्रार्थनेत रिकामी जागा ठेवून चालत नाही. म्हणून ज्यांना हा शब्द आपापल्या भाषेत आणावा लागला, त्यांच्या निवडी पाहणे फार उद्बोधक आहे.

सिरियाक ही अरमाईकचीच एक शाखा. तिच्यातील एका जुन्या भाषांतरात 'निरंतरची' भाकर आहे, तर पुढे प्रमाण ठरलेल्या 'पेशित्ता' भाषांतरात 'आमच्या गरजेची' भाकर आहे. चौथ्या शतकात वुल्फिला याने गॉथिक भाषेत 'नित्याची' असा अर्थ घेतला. इजिप्तमधील कॉप्टिक भाषेच्या एका बोलीत 'येणारी' भाकर आहे आणि दुसऱ्या बोलीत 'उद्याची'. जुन्या लॅटिन भाषांतरांनी 'क्वोतिदिआनुम' म्हणजे 'रोजची' हा शब्द पसंत केला.

सर्वांत मजेदार उदाहरण संत जेरोमचे आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याने शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारून घेतले. लूकमध्ये त्याने 'रोजची' हा जुना शब्द राहू दिला. मत्तयात मात्र त्याच ग्रीक शब्दासाठी 'सुपरसुब्स्तान्तिआलेम' असा लांबलचक शब्द बनविला. 'सुपर' म्हणजे वर आणि 'सुब्स्तान्तिआ' म्हणजे द्रव्य. ग्रीक शब्दाचे तुकडे करून प्रत्येकासमोर लॅटिन तुकडा ठेवला. आपल्याकडे पारिभाषिक शब्द घडविताना कधीकधी असेच होते. शब्द तयार होतो, पण तो तोंडात बसत नाही. त्याच जेरोमने पुढे मत्तयावरील भाष्यात आणखी एक माहिती नोंदविली. 'इब्री लोकांचे शुभवर्तमान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आता नष्ट झालेल्या पुस्तकात त्याला या जागी 'माहार' हा शब्द आढळला होता. त्याचा अर्थ 'उद्या'. म्हणजे एकाच विद्वानाच्या लेखणीतून 'रोजची', 'द्रव्यातीत' आणि 'उद्याची' असे तीनही अर्थ आपल्यापर्यंत पोहोचले आहेत.

या विसंगतीचे पडसाद पुढे कित्येक शतके उमटत राहिले. लोकांच्या तोंडी 'रोजची' हाच शब्द राहिला. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये पीटर आबेलार याने 'पाराक्लेत' मठातील जोगिणींच्या नित्य प्रार्थनेत मत्तयाचा 'द्रव्यातीत' शब्द घातला. हेलोइझ ही तेथील प्रमुख होती. क्लेअरव्होचा बर्नार्ड त्या मठात आला असता हा बदल त्याला खटकला, आणि आबेलारने त्याला पत्र लिहून आपल्या बाजूचे समर्थन केले. दोन थोर माणसे एका विशेषणावरून अशी समोरासमोर उभी राहिली. चौदाव्या शतकातील विक्लिफच्या इंग्रजी भाषांतरात मत्तयापाशी 'इतर द्रव्यांहून वरची' भाकर आहे. १५२६ साली टिंडेलने मूळ ग्रीकवरून भाषांतर करताना 'रोजची' हा शब्द घेतला आणि इंग्रजीत तोच रुळला. रोमन कॅथलिक पंथाच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात या शब्दाचे एकाहून अधिक अर्थ शेजारी शेजारी दिलेले आहेत. ही कबुलीच म्हणायची.

वाळवंटातील चिठोरे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला नवे वळण लागले. इजिप्तच्या कोरड्या वाळूतून पपायरसवरील हजारो कागद बाहेर येऊ लागले. ते महाकाव्यांचेच होते असे नव्हे. पावत्या, करारपत्रे, घरची पत्रे, तक्रारअर्ज, हिशेब असे रोजच्या व्यवहाराचे बाड त्यांत होते. जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान याने ते वाचून दाखवून दिले की, ज्या शब्दांना आजवर 'खास बायबलचे' समजत होते ते बाजारातले आणि घरातले साधे शब्द आहेत. वर्गणीसाठी पौलाने वापरलेला 'लोगेइआ' हा शब्द पूर्वी दुर्मिळ मानीत. पपायरसांत तो ठिकठिकाणी सापडला. मग 'एपिऊसिओस'ही एखाद्या चिठोऱ्यावर सापडेल, अशी आशा वाटू लागली तर नवल नाही.

आणि तो सापडलाही! फ्लिंडर्स पेट्री याने इजिप्तमधील फायूम प्रांतात हवारा येथे उत्खनन केले होते. तेथील एका पपायरसचा मजकूर सेस या विद्वानाने वाचून १८८९ मध्ये प्रसिद्ध केला होता. ती घरखर्चाची एक यादी होती. १९१५ साली प्रायझिग्केच्या संग्रहात ती पुन्हा छापली गेली, आणि १९२५ मध्ये आल्बर्ट डेब्रुन्नर याचे लक्ष तिच्यातील एका अर्धवट शब्दाकडे गेले. 'एपिऊसि…' एवढी अक्षरे, आणि पुढे रक्कम. घरखर्चाच्या यादीत हा शब्द येतो, त्या अर्थी तो रोजच्या शिध्याविषयीचा साधा शब्द असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. ऑरिजेनचे म्हणणे खोटे ठरले, कोडे सुटले, असे अनेकांना वाटले. कोशांतून आणि भाष्यांतून या यादीचा हवाला दिला जाऊ लागला.

पण एक उणीव होती. मूळ कागद कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकन अभ्यासक ब्रूस मेट्झगर याने १९५७ साली या पुराव्याची छाननी केली, तेव्हा त्याला तो कागद तपासायला मिळू शकला नाही. सेस वाचनात चुका करीत असे, ही गोष्टही विद्वानांना माहीत होती. तरीही मूळ कागदाच्या अभावी होकार किंवा नकार देणे शक्य नव्हते. अखेर १९९८ मध्ये तो पपायरस येल विद्यापीठाच्या बाइनेके ग्रंथालयात सापडला. नाइमन आणि वॉर्प या दोघा अभ्यासकांनी १९९९ साली त्याचे नवे वाचन प्रसिद्ध केले. त्या ठिकाणी 'एपिऊसिओस' नव्हताच. तेथे 'एलाइऊ' होते. म्हणजे तेल!

दोन्ही ग्रीक शब्दांचे पहिले अक्षर एकच, आणि पुढे 'इ-ओ-उ' ही तीन अक्षरेही दोहोंत लागोपाठ येतात. घाईने लिहिलेल्या हिशेबात एकाचा दुसरा वाचला जाणे मुळीच अशक्य नाही. मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. सेसने चूक केली ही गोष्ट क्षम्य आहे. विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ छापील पानावरील वाचनावर विश्वास ठेवून एकामागून एकाने अनुमाने बांधली. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहावे आणि त्यानेही ते दुसऱ्याचेच उतरवलेले असावे, तसा हा प्रकार झाला. आपण टिपणांवरून टिपणे काढतो तेव्हा ही तेलाची गोष्ट आठवावी.

आजची की उद्याची?

पुरावा पुन्हा शून्यावर आला. ऑरिजेनची साक्ष पुन्हा उभी राहिली. मग आपण काय समजावे?

हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. ज्याच्या कणगीत वर्षाचे धान्य आहे, त्याला 'आजची' आणि 'उद्याची' यांत फारसा फरक वाटणार नाही. ज्याच्या घरी सांजेला चूल पेटेल की नाही याची शाश्वती नाही, त्याच्या तोंडी मात्र या दोन शब्दांचा अर्थ फार वेगळा आहे. 'आजची' म्हटले तर प्रार्थना सांगते की, पुरेल तेवढेच माग. 'उद्याची' म्हटले तर ती सांगते की, उद्याची धास्तीही देवापुढे मांडायला हरकत नाही. आणि 'द्रव्यातीत' म्हटले तर ती भाकर पोटाची राहतच नाही. ती आत्म्याची होते. अनेक धर्मगुरूंनी तसा अर्थ घेतला. देवाच्या राज्यात मिळणारी भावी भाकर, असा अर्थ विसाव्या शतकात योआखिम येरेमिआस यांनीही मांडला. उलट, चौथ्या शतकात ख्रिसोस्तोमने आपल्या श्रोत्यांना सरळ सांगितले होते की, ही एका दिवसापुरती भाकर होय.

'उद्याची' या अर्थावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. त्याच सहाव्या अध्यायाच्या अखेरीस येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतो. मग तोच उद्याची भाकर मागायला कशी शिकवील? मला हा आक्षेप वाटतो तितका भक्कम वाटत नाही. ही प्रार्थना म्हणणारे पहिले लोक कोण होते ते पाहावे. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत आहे. पहाटेपासून कामासाठी चौकात उभे राहणारे, कोणी बोलावले तर जाणारे आणि संध्याकाळी एक दीनार घेऊन परतणारे ते मजूर. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीच द्यावी, कारण तो गरीब आहे, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा होती. संध्याकाळी हातात पडलेल्या पैशांनी दळण आणायचे, आणि त्याची भाकर खाऊन दुसऱ्या दिवशी कामाला जायचे. अशा माणसाच्या दृष्टीने उद्याची भाकर आजच हातात पडावी लागते. त्यात साठेबाजी नाही, लोभ नाही; त्याचे जगणेच तसे आहे. शिवाय यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजतात. सांजेची प्रार्थना म्हणणाऱ्याच्या दारात 'येणारा दिवस' येऊन उभाच असतो, आणि पहाटे म्हणणाऱ्याला 'येणारा दिवस' म्हणजे आजचाच.

या प्रार्थनेमागे इस्राएल लोकांच्या रानातील मान्न्याची आठवण असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. रोज आकाशातून उतरणारे ते अन्न त्या दिवसापुरतेच गोळा करायचे. जास्त ठेवले तर त्यात किडे पडत. परंतु सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, कारण दुसरा दिवस विसाव्याचा, शब्बाथाचा. म्हणजे त्या कथेतही 'आजची' आणि 'उद्याची' या दोन्ही भाकरींना जागा आहे.

हे सारे अनुमान आहे, पुरावा नव्हे, याची मला जाणीव आहे. 'येणाऱ्या दिवसाची' हा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो. पण उद्या एखादा खरा कागद वाळूतून निघाला तर मत बदलण्याची तयारी ठेवूनच.

मराठीतील 'रोज'

मराठीत नवा करार प्रथम छापला गेला तो श्रीरामपूरला, विल्यम केरीच्या प्रयत्नाने, १८११ साली. पुढे अनेकांनी हे काम केले. त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या आणि त्यांचे बायबल १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तेथील स्त्रियांच्याच हातून छापले गेले. संस्कृतच्या पंडितेलाही या शब्दापाशी थांबून विचार करावा लागला असेल.

मराठीत रुळलेला 'रोजची भाकर' हा शब्दप्रयोग व्याकरणाच्या कसोटीवर कदाचित पुरा उतरणार नाही. परंतु त्यात एक गंमत आहे, आणि ती इंग्रजी भाषांतरात नाही. 'रोज' हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ दिवस. पण मराठीत दिवसाच्या मजुरीलाही 'रोज' म्हणतात. 'रोजावर जाणारी बाई', 'आजचा रोज बुडाला', 'रोजंदारी', 'रोजगार' हे शब्द आपण नित्य ऐकतो. त्यामुळे 'रोजची भाकर' म्हणताना मराठी कानाला दररोजची भाकर ऐकू येते, तशीच रोजाने मिळविलेली भाकरही ऐकू येऊ शकते. भाषांतरकारांनी हे योजून केले असे मी म्हणत नाही. पण संध्याकाळी दीनार घेऊन घरी जाणारा तो द्राक्षमळ्यातील मजूर या मराठी शब्दाच्या बराच जवळ येतो.

'भाकर' या शब्दाचेही तसेच. पॅलेस्टाइनची भाकर गव्हाची किंवा जवाची. गरिबाची बहुधा जवाचीच. आपल्याकडची ज्वारी-बाजरीची. धान्य बदलले, तवा बदलला, पण कष्टकऱ्याच्या घरातले तिचे स्थान तेच राहिले.

अठराशे वर्षांत या एका विशेषणाने विद्वानांना नम्रता शिकविली आहे. कोशात त्याच्यापुढे एकच अर्थ ठामपणे लिहिणे आजही धाडसाचे ठरेल. साहित्याचा अभ्यास करताना आपल्यालाही लीळाचरित्रात किंवा ज्ञानेश्वरीत असे शब्द भेटतात, आणि मार्गदर्शक पुस्तकात दिलेला अर्थ आपण निमूटपणे पाठ करतो. त्या अर्थामागे वापराचा आधार आहे, व्युत्पत्तीचा तर्क आहे, की नुसती परंपरा आहे, एवढे विचारण्याची सवय लागली तरी पुष्कळ झाले. आणि काही ठिकाणी 'हे निश्चित सांगता येत नाही' असे लिहिण्याचे धैर्यही असावे. त्याबद्दल परीक्षक गुण देतील की नाही, हे मात्र मला सांगता येणार नाही.